मॅनेजर हवाय, ओळखीचा नको!

चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की आपला मूडच बदलतो. समोर राजगड, हातात कॉफीचा मग, वन बीएचके वीकेंड होम... ब्रोशरमध्ये एवढंच असतं. थकलेला मेन्टेनन्स नसतो! (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. आमच्या गेटवरची पाटी जुनीच.)

आमच्या सोसायटीत सभासद पन्नासेक. मुक्कामी कोण? वॉचमन आणि त्याची शेळी. बाकीचे कोथरूड, हिंजवडी, दोघं तर सिंगापूरला. वार्षिक सभेला कोरम भरत नाही. मग सभा अर्धा तास तहकूब, आणि उरलेल्या सहा जणांनी वडापाव खात सगळं मंजूर करायचं. सेक्रेटरी मानद, म्हणजे फुकट. त्या बिचाऱ्याला स्वतःच्या ऑफिसातलं अप्रेझल असतं हो!

म्हणून मॅनेजर ठेवला. कुणाच्या तरी मेव्हण्याचा मित्र. 'माणूस चांगलाय' एवढ्यावर. होताही चांगला. मोटर जळली की धावायचा, रात्री फोन उचलायचा. पण दोन वर्षं कीर्द लिहिलेली नाही, मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेला सिंकिंग फंड टँकरवर खर्च, आणि ऑडिटरसमोर पावत्या आल्या त्या मिठाईच्या खोक्यातून. पैसे खाल्ले नव्हते त्यानं. त्याला हे काम कुणी शिकवलंच नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

शिकायची सोय आहे, बरं का. राज्याचं सहकार खातं जी.डी.सी. अँड ए.ची परीक्षा घेतं, आणि खास गृहनिर्माण संस्थांसाठी सी.एच.एम.ची. ३१ जुलैच्या आत ऑडिट, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, हे असं शिकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पगार परवडत नाही? शेजारच्या दोन सोसायट्यांना बरोबर घ्या, वार वाटून घ्या. मात्र मॅनेजर आला म्हणून कमिटी सुटली असं समजू नका. चेकवरच्या सह्या आणि कायद्यापुढची जबाबदारी तुमचीच.

गेल्या रविवारी आम्ही इंटरव्ह्यू घेतला. भोरची मुलगी, सी.एच.एम. पास. आम्ही काही विचारायच्या आधी तिनंच विचारलं, "सर, कन्व्हेयन्स झालंय का?"

आम्ही पाचही जण एकमेकांकडे बघत बसलो.