बट्टा किती बसला?



गेल्या महिन्यात माझा नातू लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसला. "आजोबा, तुम्ही बँकेत होतात ना? मग सांगा, दोन हजार डॉलरचं बिल लावलं तर हातात एवढेच रुपये का येतात?" पोरगा इथे बरकतपुऱ्यात घरी बसून अमेरिकेतल्या एका कंपनीचं काम करतो. आपल्यातल्या बऱ्याच घरांत आता असं एखादं मूल किंवा सून असेल, म्हणून लिहितोय.

आधी जुनी गोष्ट. वडील निजामाच्या नोकरीत होते, पगार हाली सिक्क्यात मिळायचा. धाकटे काका पुण्यात शिकायला होते, त्यांना पैसे पाठवायचे तर कलदार लागायचे, म्हणजे इंग्रजी रुपये. शंभर कलदारला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, हा भाव आमच्या आजीलासुद्धा तोंडपाठ होता. तो तोटा नव्हता, दोन नाण्यांचा भावच तसा होता. पण सगळं उघड होतं. भाव माहीत, म्हणून वर कुणी किती बट्टा कापला तेही लगेच कळायचं.

आज नेमकं तेच कळत नाही. नातवाला कागदावर मांडून दाखवलं. समजा, बाजारात डॉलर 85 रुपये आहे. दोन हजारांचे 1,70,000 व्हायला हवेत. स्विफ्ट म्हणजे नुसता बँकांमधला निरोप, पैसा जातो बँकांच्या आपसातल्या खात्यांतून. वाटेतल्या मध्यस्थ बँकेने 25 डॉलर कापले, उरले 1,975. इथल्या बँकेने भाव लावला 83.50. हातात आले 1,64,912. गेले जवळपास 5,100, वर थोडा जीएसटी वेगळा. वर्षाचे झाले 61 हजार! आणि गंमत बघा, दिसणारं शुल्क 2,100 च्या आसपास, पण भावात मुरलेला बट्टा 2,900 च्या वर. म्हणून "शुल्क शून्य" अशी जाहिरात दिसली की मला हसू येतं. शुल्क शून्य असेल हो, भाव काय लावलात ते बोला!

हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. नोकरीत काही वर्षं मी परकीय चलनाच्या टेबलावर होतो. एक बाई यायच्या, मुलगा आखातात होता. दर वेळी विचारायच्या, "साहेब, एवढेच कसे?" मी म्हणायचो, "आजचा दर एवढाच आहे, बाई." खोटं बोललो नाही, पण पूर्ण खरंही सांगितलं नाही. बाजारभाव आणि आमचा भाव शेजारी लिहून दाखवायला मला दोन मिनिटं लागली असती.

बँकेने मोबदला घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. काम आहे, जोखीम आहे. पण जे घ्यायचं ते शुल्क म्हणून उघड घ्यावं. प्रत्येक पावतीवर त्या वेळचा बाजारभाव आणि लावलेला भाव शेजारी-शेजारी छापणं बंधनकारक व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर आपण काय करायचं? एक, "शुल्क किती" असं विचारू नका. "दोन हजार डॉलरचे माझ्या खात्यात रुपये किती पडतील" असं विचारा, आणि दोन-तीन ठिकाणी विचारा. दोन, बँकेचा कार्ड रेट म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. दरमहा पैसे येत असतील तर मॅनेजरकडे चांगला भाव मागा, पुष्कळदा मिळतो. तीन, हल्ली काही कंपन्या तुमच्या नावाने अमेरिकेतला खातेक्रमांक देतात. ग्राहक तिथल्या तिथे पैसे भरतो, मधली कापाकापी वाचते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा धंद्यासाठी नियम केले आहेत. कंपनीला परवानगी आहे का, ते आधी बघा.

आणि चौथं, सगळ्यांत महत्त्वाचं. न्यू जर्सीच्या मावशीने नातवाला सुचवलं, "माझ्या खात्यात घे, मी फुकटात पाठवते." प्रेमाने म्हणाली बिचारी. पण मी "नको" म्हटलं. ओळखीतल्या एका मुलाने दोन वर्षं असंच केलं. पैसे घरखर्चाची मदत म्हणून आले. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेला, तर स्वतःची कमाई दाखवायला एकही कागद नाही. कमाई आपली असेल तर ती आपल्याच नावाने, खऱ्या पर्पज कोडने, एफआयआरसीसारख्या दाखल्यासह यायला हवी. बट्टा वाचवताना कमाईच बेनामी करून कसं चालेल?

नातू म्हणाला, "आजोबा, एवढा हिशेब कोण करतं?" मी म्हटलं, "तुझी पणजी करायची."

तुमच्या घरी कुणाला किती बट्टा बसतो, एकदा कागदावर मांडून बघा. आणि आकडा इथे जरूर लिहा, म्हणजे इतरांनाही कळेल.