अर्धी शर्यत त्याची, अर्धी तिची



गेल्या महिन्यात आमची धाकटी मोबाईलवर मोटारींची एक जुनी शर्यत बघत होती. गाड्या वाळवंटातून धुरळा उडवीत पळत होत्या. मध्येच एक गाडी थांबली, आतला गडी उतरला आणि त्याच्या जागी एक बाई बसली. पट्टा आवळला, गाडी पुन्हा सुसाट. मी विचारले, "तो दमला की काय?" धाकटी हसली. "पप्पा, दमला नाही. नियमच आहे. अर्धी शर्यत त्याने चालवायची, अर्धी तिने."

मला नवल वाटले, म्हणून मी माहिती काढली. या स्पर्धेचे नाव एक्स्ट्रीम ई. पहिली शर्यत एप्रिल २०२१ मध्ये सौदी अरेबियातील अल-उला येथे झाली. आलेहान्द्रो आगाग या स्पॅनिश गृहस्थांनी ती सुरू केली. गाड्या सगळ्या विजेवरच्या, आणि सगळ्या संघांना एकाच बनावटीच्या. ताकद सुमारे ५५० अश्वशक्ती. डांबरी रस्ता नाहीच. वाळू, दगड, चिखल, चढउतार. पहिल्याच वर्षी सेनेगलमधले तळ्याकाठचे मैदान, ग्रीनलंडमधला हिमनदीजवळचा भाग आणि इटलीचे सार्डिनिया बेट, अशा ठिकाणी ती झाली. गाड्यांची ने-आण एका जुन्या टपाल-जहाजातून व्हायची. प्रेक्षकांची गर्दी जमवायची नाही, शर्यत पडद्यावर बघायची, अशी पद्धत ठेवली होती. हवामान बदलून जिथे नुकसान होत आहे, तिकडे जगाचे लक्ष वेधावे हा त्यामागचा हेतू.

पण माझ्या मनात भरला तो जोडीचा नियम. प्रत्येक संघात एक पुरुष, एक स्त्री. गाडी तीच, वाट तीच, आणि दोघांचा वेळ एकाच हिशेबात धरायचा. बाईला सवलत नाही, वेगळा गट नाही. त्यामुळे संघाच्या मालकाला दोघांच्या सरावावर सारखाच खर्च करावा लागतो. बाईला कच्ची ठेवली तर नुकसान सगळ्या संघाचे. पहिल्या हंगामाचे विजेतेपद ऑस्ट्रेलियाच्या मॉली टेलर आणि स्वीडनच्या योहान क्रिस्टोफरसन यांच्या संघाने जिंकले. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, जिंकलेल्या जोडीत स्पेनच्या क्रिस्टिना गुतिएरेस होत्या. शिक्षणाने त्या दातांच्या डॉक्टर! २०२४ चा हंगाम अर्ध्यावरच थांबला आणि एक्स्ट्रीम ई संपली. तिच्या जागी हायड्रोजनवरच्या गाड्यांची स्पर्धा आली. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदी अरेबियात झाली. इंधन बदलले, पण जोडीचा नियम तोच राहिला.

तुम्ही म्हणाल, ही श्रीमंतांची हौस; भोर-वेल्ह्याच्या माणसाला तिचे काय? खरे आहे. पण शर्यतीत जशी वाट मुद्दाम शोधतात, तशी वाट आमच्याकडे वाडीवाडीला आहे. वेल्हे तालुक्याचे नाव २०२५ मध्ये राजगड झाले, तरी पावसाळ्यात वाडीचा चिखल तोच आहे. आणि हा नियम वाचून मला एक रात्र आठवली.

तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत माझी धाकटी बहीण दिली आहे. दाजींची वडापची जीप आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. घाम फुटला, बोलवेना. घरात बहीण, तिची सासू आणि कॉलेजात जाणारी भाची. फोनला रेंज नाही. जीप दारात, डिझेल भरलेले, किल्ली खुंटीला. पण गाडी चालवणारा एकच माणूस, आणि तोच अंथरुणावर! भाची बॅटरी घेऊन चिखलातून शेजारच्या वाडीवर पळत गेली. तिथल्या एका पोराला उठवून आणले. यात दीड तास गेला. दाजी वाचले. डॉक्टर एवढेच म्हणाले, "यापुढे इतका उशीर करू नका."

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, गाडी दारात हुती रं. पन चालवायची कुनी?" मी मान खाली घातली. कारण ती सोळा वर्षांची असताना धाकट्या भावाला मीच गाडी शिकवत होतो. ती मागे लागली तेव्हा "तुला काय करायचीय?" असे म्हणून मीच तिला घरात धाडले होते. आता तुम्हीच सांगा, त्या दीड तासात माझा वाटा किती?

मी बी.कॉम. झालेला कारकून. भागीदारीचा हिशेब मला कळतो. काही भागीदार नुसते कागदावर असतात. आपण सभेत समतेवर भाषणे करतो. पण २० मार्चला वरंधा घाट उतरून महाडला निघालो, की गाडी चालवायला पुरुष आणि पाठीमागे डबे सांभाळायला बायका. हा कागदावरचाच हिशेब नाही का?

बाईला जमत नाही, हे तर कोणी सांगूच नये. पुण्याच्या डायना पंडोले, दोन मुलांची आई, शाळेत शिकवलेल्या बाई. २०२४ मध्ये चेन्नईत पुरुषांबरोबर धावून त्यांनी मोटार शर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. असे विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. शर्यत सोडा, आपल्या लाल एस.टी.चे बघा. जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवडहून जेजुरीला प्रवाशांची गाडी नेली. शासनाच्या पिंक ई-रिक्षा योजनेत एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात महिलांना रिक्षा दिल्या गेल्या. किमतीच्या वीस टक्के शासन देते, दहा टक्के महिलेने भरायचे, सत्तर टक्के बँकेचे कर्ज.

विजेच्या गाडीला क्लच नाही, गिअर बदलणे नाही. चढाला पहिल्या क्षणापासून मोटार पूर्ण जोर लावते आणि उताराला तीच मोटार थोडी वीज परत साठवते. अंगात जोर लागतो ही सबब तिथे चालत नाही. खरे तर ती कधीच खरी नव्हती.

म्हणून माझी विनंती आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला मोटारीचा शिकाऊ परवाना मिळतो. तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने, तेवढ्यात सराव करून घ्यावा. महिला मंडळांनी दहा-दहा जणींचे अर्ज एकदम भरावेत. ज्या घरी गाडी आहे, त्या घरात निदान एका बाईला ती चालवता आलीच पाहिजे.

सुरुवात मी घरातून केली आहे. माझी भाची परवाना काढून आता दाजींची जीप वेल्ह्यापर्यंत आणते. आमच्या सौभाग्यवतींनी गेल्या रविवारी भाटघर धरणाकाठच्या माळावर पहिला धडा घेतला. गाडी तीनदा बंद पडली. मी ओरडायला तोंड उघडले, तोच मागून धाकटी म्हणाली, "पप्पा, गप्प बसा. आता तिची पाळी आहे."

मी गप्प बसलो. चौथ्यांदा गाडी निघाली.