वाचलेलं वर्ष

‘आमचा बंटी साडेपाचचाच आहे, पण पहिलीत बसला. एक वर्ष वाचलं!’ असं सांगणाऱ्या आईबापांना आम्ही एकच विचारतो : वाचलेलं वर्ष ठेवलंत कुठल्या बँकेत? गेली बावीस वर्षं आम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला बसतोय. मुदत ठेवी पाहिल्या, आवर्ती ठेवी पाहिल्या. वाचलेलं वर्ष भरायला आलेला इसम अजून पाहिला नाही.

२०२० साली महाराष्ट्र सरकारने शाळाप्रवेशाच्या वयाचा ‘मानीव दिनांक’ ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबरवर नेला. पेढे वाटायचे तेवढे राहिले! आता १ जानेवारीचा चिरंजीव आणि त्याच वर्षातला ३१ डिसेंबरचा चिरंजीव एका बाकावर. आमच्या वयात बारा महिने म्हणजे फार तर एक इन्क्रिमेंट. सहाव्या वर्षी तो आयुष्याचा सहावा हिस्सा असतो. जानेवारीवाला घडाघड पाढे म्हणतो, तो ‘हुशार’. डिसेंबरवाला पेन्सिल चावत खिडकीबाहेरचा कावळा बघतो, तो ‘ढ’. अहो, ढ कसला? धाकटा आहे तो!

मोठेपणी सगळं सारखं होतं म्हणे. म्हणणाऱ्यांना चक्रवाढ व्याज ठाऊक नसावं. हुशाराला बाई पुढे बसवणार, मॉनिटर करणार, गॅदरिंगमध्ये राजा करणार. धाकटा तिथे कायम झाड. केली बेडर्ड आणि एलिझाबेथ ड्युई ह्या दोघी अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांतल्या मुलांचे गुण तपासून २००६ साली दाखवलं, की चौथीत मागे असलेली धाकटी पोरं आठवीतही मागेच होती. अंतर घटलं होतं, मिटलं नव्हतं. कॅनडातल्या आइस हॉकीत मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजत. १९८५ साली रॉजर बार्न्सली आणि मंडळींनी वरच्या संघांच्या जन्मतारखा काढल्या, तर वर्षाच्या पहिल्या महिन्यांचीच गर्दी! आणि कहर पुढेच आहे. त्याच देशातल्या ब्रिटिश कोलंबियात शाळेची सीमा ३१ डिसेंबर. तिथे डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना जानेवारीवाल्यांपेक्षा ३० टक्के आणि मुलींना ७० टक्के जास्त प्रमाणात अतिचंचलतेचा विकार चिकटवलेला आढळला, असं २०१२ सालचा अभ्यास सांगतो. गोळ्याही तशाच जास्त. म्हणजे लहान असणं हाच रोग!

पूर्वी बचत खात्यावर १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळे. ११ तारखेला पैसे भरणारा महिन्याला मुकायचा आणि काउंटरवर येऊन आमच्या नावाने खडे फोडायचा. फोडणारच! १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झालं. हाच सात रुपयांसाठी भांडणारा खातेदार पोराच्या प्रगतिपुस्तकावरचा शेरा मात्र मुकाट सही करून परत पाठवतो.

इंग्लंडात ग्रामर स्कूलच्या बऱ्याच प्रवेश परीक्षांत वयाचे महिने बघून गुण जुळवून घेतात. आपल्याला तेवढं नको. हजेरीपटावर नावापुढे जन्ममहिना लिहा, आणि तो वाचल्याशिवाय कुणालाही ‘ढ’ म्हणू नका. खर्च काय तो एका रिफिलचा. ती आम्ही देतो. आमच्या काउंटरवरची दोरीला बांधलेली असते, ती सोडून.