पत्ते खेळा, पण नऊला उठा



दिवाळी जवळ आली की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, "वहिनी, एकच गेम." हा एकच गेम रात्री दोनला संपतो. हल्ली तीन पत्तीच्या जागी पोकर आलाय, आणि मुलं त्याला टूर्नामेंट म्हणतात म्हणून तो जणू सभ्य झालाय. होऊ शकतो सभ्य, मी नाही म्हणत नाही. पण आपल्या घरांत तो ज्या वेळापत्रकाने मांडला जातो, त्याला माझा साफ विरोध आहे.

पैशांचं आधी संपवते. सप्तव्यसनांत पहिलं नाव द्यूताचं आहे, मांस-मद्याच्याही आधी. आमच्या घरात पैसे लावून एक पान वाटलं जात नाही, 'शकुनाचे' अकरा रुपयेसुद्धा नाहीत. यावर पुतण्या म्हणतो, "काकू, पैसे नसले की कोणी नीट खेळत नाही, उगाच सगळ्या चिप्स पुढे ढकलतात." निरीक्षण बरोबर आहे, निदान चूक. खेळाला धार पैशाने येते असं नाही. ती ब्लाइंडने येते.

तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं. पोकरमध्ये ते वेगळं. दर डावाला दोघांनी आळीपाळीने सक्तीने टाकायच्या चिप्स, एकाच्या थोड्या, दुसऱ्याच्या दुप्पट. (चिप्स प्लॅस्टिकच्या. बटाट्याच्या आमच्या घरात येतच नाहीत. आणि नसतील तर शिवणाच्या डब्यातली बटणं चालतात.) टूर्नामेंटमध्ये ही रक्कम ठरावीक वेळाने वाढवायची असते. वाढते म्हणूनच हातातल्या चिप्स अपुऱ्या पडायला लागतात, माणसं बाद होतात आणि खेळ संपतो. वाढ संथ ठेवली तर पहिले दोन तास कोणालाच कशाची फिकीर नसते. मग कंटाळून कोणीतरी म्हणतं, चला, थोडे पैसे लावू.

आता हिशेब बघा. साधा आडाखा असा की मोठा ब्लाइंड हा टेबलावरच्या एकूण चिप्सच्या विसाव्या भागाएवढा झाला, की बहुतेक वेळा खेळ आटोपतो. मुलांची आवडती मांडणी काय? आठ जण, प्रत्येकी 5,000 चिप्स, सुरुवात 10/20 ने, अर्ध्या अर्ध्या तासाचे टप्पे. एकूण झाल्या 40,000, विसावा भाग 2,000. 20 पासून 2,000 पर्यंत बेताबेताने चढायला बारा टप्पे लागतात. म्हणजे सहा तास. आठला बसलात तर दोन वाजणारच! त्यात नशिबाचा दोष नाही, तो कागदावर आधीच लिहिलेला आहे.

माझी मांडणी अशी. आठ जण, प्रत्येकी 1,500, एकूण 12,000. टप्पे 25/50, 50/100, 75/150, 100/200, 150/300, 200/400, 300/600. वीस मिनिटांचा एक, असे सात, आणि मध्ये दहा मिनिटं पाणी-बिणी. अडीच तास. दिवाळीत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, आमची जेवणं त्याआधी उरकतात. साडेसहाला बसलं की नऊला पत्ते डब्यात. एखादा चिवट निघालाच तर 400/800 चा एक टप्पा आणखी.

"मग कौशल्याला वाव कुठे?" हा दिरांचा प्रश्न. टप्पा लांब असला की कसलेला खेळाडू वर येतो, हे खरंच आहे. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत एक टप्पा दोन तासांचा असतो आणि ती कित्येक दिवस चालते. पण तिथे दहा हजार डॉलर भरून माणसं येतात. आपल्याकडे पहिल्या तासात बाद झालेली नणंद उरलेले पाच तास काय करणार? कौशल्यच बघायचं असेल तर तीन संध्याकाळी तीन छोटे गेम ठेवा आणि गुण मोजा.

आणि ते 'परत चिप्स घ्यायचं' प्रकरण बंद करा. चौघांनी परत घेतल्या की एकूण 18,000 होतात, विसावा भाग 900, म्हणजे दोन टप्पे, चाळीस मिनिटं जास्त. मागणारा मात्र म्हणतो, "त्याने काय फरक पडतो?"

फरक स्वयंपाकघरात पडतो. अकरा वाजले की टेबलावरून हाक येते, "काहीतरी गरम मिळेल का?" रात्री पाणीसुद्धा न घेणारी बाई मग कढईपुढे उभी राहून इतरांना भजी तळून देते. पतंग दिव्यावर येऊन पडतात ते वेगळंच. अमावास्येच्या पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवायचा असतो. भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या त्या घडीला अर्धं घर घोरत असतं, आणि लाडू घेऊन निघतात त्या सासूबाई आणि तीच भजी तळणारी सून. वेळापत्रक ठरवताना त्या सुनेला कोणी विचारलेलं असतं का?

यंदा ब्लाइंडचा कागद माझ्या अक्षरात फ्रिजवर लागेल, आणि मोबाइलवरचा गजर सासऱ्यांच्या हातात राहील, कारण त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती नाही. अर्ध्या तासाचे टप्पे ज्याला हवे असतील त्याने आपल्या घरी बोलवावं. कढई मी देईन, घासून परत आणावी.