दोष आईकडून, पण आईचा नव्हे

वर्षभराचे बाळ नुकतेच पाऊल टाकू लागते. धडपडते, गुडघा सुजतो, अंगावर काळेनिळे डाग उठतात. हिरडीला जरासे लागले तरी रक्त थांबता थांबत नाही. तपासण्या होतात आणि हिमोफिलियाचे निदान होते. ‘हा आजार आईकडून येतो’ एवढेच वाक्य घरी पोहोचते आणि सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळतात. थोरली मुलगी मात्र ठणठणीत असते. मग मुलालाच हे का व्हावे?

उत्तर गुणसूत्रांत आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतली एक जोडी लिंग ठरवते. स्त्रीजवळ दोन ‘एक्स’ असतात, तर पुरुषाजवळ एक ‘एक्स’ व एक ‘वाय’. मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच. रक्त गोठण्यासाठी लागणारे आठव्या व नवव्या क्रमांकाचे घटक बनवणारी जनुके या एक्सवरच असतात. मुलीच्या एका एक्सवरचे जनुक सदोष असले, तरी दुसरे बहुधा निभावून नेते. मुलाजवळ दुसरा एक्स नसतोच.

आई वाहक असेल, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. वडिलांना आजार व आई निर्दोष असेल, तर मुलगे सुटतात, पण सर्व मुली वाहक होतात. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया अशीच वाहक होती. तिचा मुलगा लिओपोल्ड आणि रशियाचा युवराज असलेला पणतू अलेक्सी यांना हा आजार होता.

वाहक स्त्री मात्र नेहमीच सुखरूप असते असे नाही. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक एक्स बव्हंशी निष्क्रिय होतो, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले. सदोष एक्स जास्त पेशींत कार्यरत राहिला, तर पाळीत किंवा बाळंतपणात फार रक्तस्राव होऊ शकतो.

सगळ्याच जन्मदोषांचे गणित इतके सरळ नसते. जठरातून आतड्याकडे जाणारा मार्ग अरुंद झाल्याने तान्हे बाळ जोराने दूध उलटते. हा विकार मुलग्यांत सुमारे चौपट आढळतो. उलट, जन्मतः खुब्याचा सांधा सैल असणे मुलींत जास्त. येथे एकच जनुक जबाबदार नसते. अनुवंशिकता, संप्रेरके, गर्भाची स्थिती अशा अनेक गोष्टी एकत्र येतात.

हिमोफिलियाच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच आजार नसतो. जनुकातला बदल नव्यानेच घडलेला असतो. ग्रहण, खाणेपिणे, आईची हयगय यांचा त्याच्याशी संबंध नाही.

आजोळी मामा किंवा मावसभावाला असा त्रास असेल, तर मुलीने गर्भधारणेपूर्वीच अनुवंशशास्त्रज्ञाचा सल्ला घ्यावा. बहिणी व मावश्यांनीही तपासणी करून घ्यावी. लिंगाशी निगडित आजारासाठी गर्भाची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करता येते, मात्र १९९४ च्या कायद्यानुसार गर्भाचे लिंग सांगणे गुन्हा आहे. आजार असलेल्या मुलाला अ‍ॅस्पिरिन देऊ नये. कोणत्याही इंजेक्शनापूर्वी व दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना आजाराची कल्पना द्यावी. घटक वेळेवर मिळाला, तर असा मुलगा शाळेत जातो, शिकतो, संसारही करतो. त्यासाठी आईला बोल लावण्यापेक्षा तिच्या पाठीशी उभे राहणारे घर हवे.