हिमोग्लोबिनचा रकाना नाही

बेळगाव, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात लग्नाच्या परिचयपत्रावर पत्रिकेइतकाच वजनदार रकाना रंगाचा असतो. गोरी, निमगोरी, फार तर गव्हाळ. सावळी मुलगी कागदावर सहसा सापडतच नाही. शेजारी उंची आणि बांधा, त्यात ‘सडपातळ’. अंगात रक्त किती, हे मात्र कुणी विचारत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण कर्नाटकात ४७.८ टक्के आहे, महाराष्ट्रात ५४.२. सीमा अलीकडे सरकवा नाहीतर पलीकडे, साधारण निम्म्या बायकांना रक्त कमीच. त्यांच्यातल्याच लग्नाच्या मुलींना ‘जरा बारीक हो’ म्हणून रात्रीचं जेवण सोडायला लावायचं आणि वर त्याला पोरींची हौस म्हणायचं, हे मला पटत नाही. सगळा दोष मोबाइलवर ढकलणंही सोयीचंच आहे. ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली १९७५ साली. तेव्हा घराघरांत साधा फोनही नव्हता, पण मुलगी बघायला येणारी माणसं होती. मुलीच्या अंगाचा भाव त्यांच्यासमोर ठरत होता, आजही ठरतो. कमी भरलेला रंग हुंड्यात भरून काढायचा हिशेब तर कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: हे शहरातल्या सुखवस्तू घरांचे चोचले, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईला आरशात बघायला सवड कुठली? निपाणीच्या याच बायका संघटित झाल्या, आणि छाया दातार यांनी त्यांच्यावर १९८९मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्या श्रमाचा मोबदला त्यांनी भांडून मागितला. पण अंगमेहनतीला दाम मागायला शिकलेल्या घरातही लेकीचं लग्न ठरवताना तिचा रंगच आधी पाहिला जातो. उलट पैसा कमी तिथं हा दाब जास्त घातक होतो, कारण त्वचारोगतज्ज्ञाची फी परवडत नाही आणि औषधाच्या दुकानातली स्वस्त ट्यूब परवडते. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं. चेहरा आधी उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली आणि पुरळ येतं, लव वाढते. ट्यूब बंद केली की सगळं आणखी चिघळतं, म्हणून ती सुटत नाही. २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चिठ्ठी मागतो कोण, हा प्रश्न वेगळा. अकोल्याच्या एका कुटुंबातल्या स्त्रियांची मूत्रपिंडं गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याने बिघडल्याची बातमी २०२३मध्ये आली, तेव्हा गोरेपणाची किंमत निदान काहींना तरी दिसली असेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्याच पाहणीत कर्नाटकातल्या ३० टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणापेक्षा अधिक आहे. मधुमेह, रक्तदाब खरेच आहेत, मग बारीक व्हायला सांगण्यात वाईट काय? सांगणाऱ्याला आरोग्याची काळजी असती तर काही वाईट नव्हतं. पण हा सल्ला लग्नाआधी मिळतो आणि अक्षता पडल्या की संपतो. दोन बाळंतपणांनंतर, खरोखर तपासणीची गरज असते तेव्हा, त्याच बाईला सगळ्यांची ताटं वाढून उरलेलं खायला लागतं. टोमणे मारणाऱ्या पुष्कळदा बायकाच असतात, हेही खरं. मावशी, आत्या, होणारी सासू. त्यांचीही पारख एके काळी अशीच झाली होती आणि निवाडा कसा होतो हे त्यांना पाठ आहे. मुलांनाही उंची, टक्कल यांवरून ऐकावं लागतंच. मात्र नोकरी पक्की असली की टक्कल खपून जातं.

शादी डॉट कॉमने २०२०मध्ये आपल्या संकेतस्थळावरचा रंगाचा पर्याय काढला, त्याच वर्षी ‘फेअर’ क्रीमचं नाव ‘ग्लो’ झालं. नाव बदलून माल तोच राहतो, हे उघड आहे. रकाना काढला की निदान लेखी विचारायची सोय तरी जाते. आपल्याकडे वधू-वर मेळाव्यांचे अर्ज समाजाची मंडळं स्वतः छापतात, त्यांना कुठल्या कंपनीची वाट बघावी लागत नाही. या हंगामाचे अर्ज छापायला देण्याआधी रंग आणि बांधा हे दोन रकाने खोडायला मंडळाची एक बैठक पुरेशी आहे.