गुडघ्याची गोळी, तापाची गोळी

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून एका भगिनीनं विचारलंय : सासूबाई संधिवातासाठी रोज गोळी घेतात. परवा कणकण आली म्हणून वर तापाची गोळी दिली. चालेल ना?

एकदा दिलीत म्हणून घाबरू नका. पण पुन्हा देण्याआधी पाकिटाची मागची बाजू वाचा. सांधेदुखीची गोळी पुष्कळदा खरोखरच ‘जोडगोळी’ असते : अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५. तापाच्या गोळीत बहुधा पुन्हा पॅरासिटामॉलच, ५०० किंवा ६५०. नाव निराळं, औषध तेच! प्रमाणाबाहेर गेलं की यकृताला इजा होते. शेजारणीनं प्रेमानं दिलेली डायक्लोफेनॅक तर मुळीच जोडू नका. ती अ‍ॅसिक्लोफेनॅकच्याच जातीची. दोन्ही मिळून पोटात व्रण, रक्तस्राव व्हायची भीती वाढते. म्हणून गोळी जेवणानंतरच, एकादशीला रिकाम्या पोटी नको. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तेही त्यांना सांगा. मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.

आणि हो, २०२४ साली केंद्र सरकारनं १५६ जोडऔषधांवर बंदी घातली. त्यांत अ‍ॅसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ ही गोळीही होती. औषधांच्या डब्यात जुनं पाकीट पडलं असेल, आज दुपारीच बघा.